गच्चीवरची चावी

डिंडोलीच्या एका गल्लीत गेल्या मे महिन्यात एका रात्री जे घडले ते वाचकांस सांगावे, असे तेव्हापासून आमच्या मनात घोळत होते. घटना तशी लहान आहे. तीत कोणी दगावले नाही, कोणास इजा झाली नाही, वर्तमानपत्रात तिची ओळभरही वार्ता आली नाही. तथापि त्या रात्रीपायी दोन सज्जन कुटुंबांत आठ दिवस अबोला पडला. आणि त्याचे कारण काय, तर मुठीत मावेल एवढी पितळेची एक वस्तू.

डिंडोली म्हणजे सुरत शहराच्या दक्षिण-पूर्व अंगाची वस्ती. उधन्याहून नंदुरबार, अमळनेर, जळगावकडे जाणारा लोहमार्ग तिच्या शेजारून जातो, आणि त्या मार्गाने आलेली पुष्कळ माणसे तेथेच स्थिरावली आहेत. मागावर काम करणारे, साचे दुरुस्त करणारे, रिक्षा चालविणारे, भाजी विकणारे. गल्लीतून जाताना मराठी आणि अहिराणी इतकी कानी पडते की आपण गुजरातेत आहोत ह्याचा क्षणभर विसर पडावा. गंमत अशी, की ही मंडळी जे पाणी पितात तेही त्यांच्याच गावाकडून आलेले असते. मध्य प्रदेशात मुलताई येथे उगम पावलेली तापी बुऱ्हाणपूर, भुसावळ, प्रकाशे असा सारा खानदेश ओलांडते, १९७२ साली पुऱ्या झालेल्या उकाई धरणात विसावते आणि मग सुरतेस येते. जिने प्रकाशाच्या घाटावर धुणे धुतले त्या आजीच्या नातींच्या हंड्यात तीच नदी आता नळाने पडते.

ज्या घराची ही हकीकत आहे ते घर त्या वस्तीतील इतर घरांसारखेच आहे. खाली एक खोली व स्वयंपाकघर, वर मालकाचे बिऱ्हाड, त्यावर गच्ची, आणि गच्चीवर हजार लिटरांची काळी टाकी. मालक गिरणीतून निवृत्त झालेले वृद्ध गृहस्थ. गल्लीतील लहानथोर त्यांस आप्पा म्हणतात. खालच्या खोलीत मागावर जाणारा एक तरुण भाडेकरू, त्याची पत्नी, म्हातारी आई आणि दोन मुली. तरुणाची पाळी बारा तासांची. पंधरवडा दिवसाची, पंधरवडा रात्रीची. पत्नी घरी बसून साड्यांचे काम करते. सुरतेच्या बाजारातून साड्यांचे गठ्ठे ह्या वस्त्यांत येतात. त्यांवर खडे चिकटविणे, लेस लावणे, लोंबते धागे कापणे ही कामे बायका करतात आणि साडीमागे ठरलेली मजुरी घेतात. माल व्यापाऱ्याचा असतो. तो बिघडला तर मजुरीतून वळता होतो.

त्या रात्री दोनच्या सुमारास, माळ्याच्या वर भिंतीतून आत आलेल्या लोखंडी नळाचा कोपरा निखळला. प्लंबर त्यास एल्बो म्हणतात. जस्ताचा लेप दिलेला नळ गंजत नाही अशी आपली समजूत असते, आणि ती बहुतांशी खरीही आहे; परंतु जोडणीसाठी जेथे आटे पाडले जातात तेथे तो लेप कापला जातो आणि नळाची जाडीही कमी होते. म्हणून असा नळ गंजू लागतो तो प्रथम आट्यांपाशी, कोणाच्या दृष्टीस न पडता. येथेही तेच झाले होते. कोपरा सुटला आणि टाकीचे पाणी खोलीत कोसळू लागले.

नवरा कामावर होता. त्या बाईने उशी लावून पाहिली, पातेले लावून पाहिले, मग थोरल्या मुलीस वर पिटाळले. आप्पा बॅटरी घेऊन गच्चीवर धावले. सत्तरीच्या माणसाने ते दोन जिने ज्या वेगाने चढले त्याबद्दल त्यांस दोष देण्यास कोठेच जागा नाही. टाकीखालच्या नळावर जी चावी होती, तिचे चाक त्यांनी धरले आणि फिरविले. चाक सहज फिरले. इतके सहज, की आप्पांस आधी समाधानच वाटले. खालून मुलीची हाक आली, पाणी चालूच आहे. त्यांनी आणखी फिरविले. चाक फिरत राहिले आणि पाणी वाहत राहिले. उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे. टाकीचे झाकण काढून आत हात घालावा आणि नळाच्या तोंडात फडके कोंबावे, हे त्यांस पुढे सुचले; तोवर टाकीचा तळ दिसू लागला होता. पाऊण तासात हजार लिटर पाणी खालच्या खोलीत उतरले. अंथरुणे, पीठ, मुलींची दप्तरे ह्यांचे काय झाले असेल ते वाचकांनीच ताडावे. माळ्याखाली पेटीवर रचलेल्या चाळीस साड्या भिजल्या, आणि नुसत्या भिजल्या असत्या तर वाळविता आल्या असत्या. पाण्याबरोबर आलेल्या गंजाचे पिवळे डाग त्यांवर पडले. व्यापाऱ्याने हिशेब केला तेव्हा त्या बाईची सुमारे दोन महिन्यांची मजुरी त्यात बुडाली.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी आम्हांस बोलावणे आले. त्या घरी आमचे जाणे-येणे आहे. फादर आहेत, तेव्हा ह्यांस न्यायनिवाडाही येत असेल, ही लोकांची समजूत आम्ही आजवर मोडू शकलो नाही. सेमिनरीत आम्हांस तत्त्वज्ञान शिकविले, लॅटिन शिकविली. नळाचे आटे कोणी शिकविले नाहीत. तरी गेलो.

आप्पा खाली यावयास तयार नव्हते आणि ती बाई वर जावयास तयार नव्हती; म्हणून बैठक जिन्यात झाली. आप्पांचे म्हणणे असे: “फादर, नळ फुटला त्याला मी काय करणार? लोखंड आहे, एक दिवस जायचंच. चावीचं म्हणाल, तर पंचवीस वर्षांत तिने एकदा त्रास दिला नाही. पाणी कधी बंद पडलं का, विचारा हिला.”

ती बाई म्हणाली, “आप्पा, दिवाळीत नळवाला आला होता तो काय म्हणाला होता? चावी जाम आहे, बदला, म्हणाला होता.”

“जाम होती, मी कुठे नाही म्हणतो? पण मग ती मी स्वतः मोकळी नाही का केली? मोठा पाना लावून फिरवली. तेव्हापासून लोण्यासारखी फिरते.”

आजी उंबऱ्यात बसून सारे ऐकत होत्या. “मग रातले काय जयं?” एवढेच त्या म्हणाल्या. त्यावर कोणाजवळ उत्तर नव्हते. आम्हीही निवाडा न करता परतलो. मात्र जुनी चावी फेकू नये, प्लंबर येईल तेव्हा ती आमच्यासमोर उघडावी, एवढे सांगून आलो.

येथे ह्या वस्तूची थोडी ओळख करून देणे अवश्य आहे, कारण ती घरोघर असूनही तिच्या पोटात काय असते हे फार थोड्यांनी पाहिलेले असते. दुकानदार तिला गेट व्हॉल्व म्हणतो, सुरतेकडे नुसते वाल म्हणतात, आपल्या घरांतून तिला चावी किंवा कॉक असे नाव आहे. पितळेच्या पोकळ अंगात पाचरीसारखा एक लहान दरवाजा वरून खाली सरकतो. तो दरवाजा एका दांडीच्या टोकास अडकविलेला असतो; दांडीस आटे असतात; वर चाक असते. चाक उजवीकडे फिरविले की दरवाजा खाली उतरून पाण्याची वाट अडवितो, डावीकडे फिरविले की वर टोपणात जाऊन बसतो. दांडी जेथून बाहेर येते तेथून पाणी झिरपू नये म्हणून तिच्याभोवती दोरा भरून वरून एक नट आवळलेला असतो. त्यास ग्लँड म्हणतात. ह्याहून अधिक काही नाही.

चौथ्या दिवशी प्लंबर आला. तोही खानदेशातलाच, अबोल, हाताचा स्वच्छ. त्याने चावी काढून जिन्यातच बसकण मारली, दोन पाने लावून तिचे टोपण उघडले आणि दांडी ओढून घेतली. दांडी आली, दरवाजा आला नाही. तो वर टोपणातच, क्षारांच्या पांढऱ्या-तांबूस थरात, भिंतीत खिळा बसावा तसा रुतून बसला होता. दांडीचे जे टोक त्यात अडकावयाचे ते तुटून गेले होते. प्लंबरने तुटलेली बाजू आम्हांस दाखविली. पितळेची पिवळी झाक तेथे नव्हती. तांब्यासारखा लालसर, विटकरीसारखा कुसका रंग होता. पितळ म्हणजे तांबे व जस्त. काही प्रकारच्या पाण्यात वर्षानुवर्षे राहिल्याने त्यातील जस्त हळूहळू विरघळून जाते आणि मागे तांब्याचा सच्छिद्र सांगाडा उरतो. आकार तोच, बळ मात्र गेलेले. अशा दांडीवर दिवाळीत मोठा पाना चालला होता.

आप्पा ते पाहत होते. “म्हणजे मी मोकळी केली नाही,” ते थांबून म्हणाले, “मी तोडली.” प्लंबरने मान खाली घातली. लोण्यासारखी फिरते म्हणून ज्याचे कौतुक झाले, ते चाक सहा महिने कशासही न जोडलेले फिरत होते.

त्या क्षणापासून आम्ही ह्या गोष्टीचा पुष्कळ विचार केला आहे. आप्पा आळशी नाहीत, कंजूषही नाहीत. त्यांची चूक एका शब्दात होती, आणि तो शब्द आपण सारेच रोज वापरतो: ‘चालते आहे’. टाकीतून पाणी खाली येत होते, म्हणून चावी चालते आहे असे त्यांनी मानले. परंतु पाणी खाली आणणे हे नळाचे काम. चावीचे काम पाणी थांबविणे. पंचवीस वर्षांत ते काम तिला एकदाही सांगितले गेले नव्हते. नळाने केलेल्या कामाची शाबासकी चावीस मिळत राहिली. ज्या वस्तूचे कर्तव्य अडविणे हे आहे, तिची परीक्षा अडवावयास सांगूनच घ्यावी लागते. नुसती मोकळी सोडलेली चावी आणि नुसता नळ ह्यांत काय फरक?

आपल्या वाडवडिलांना हा प्रश्न फारसा पडला नसावा. सतराव्या शतकाच्या आरंभी बुऱ्हाणपुरात, म्हणजे ह्याच तापीच्या काठी, जमिनीखालून भुयारांनी पाणी खेळविले गेले. ते कुंडी भंडाऱ्याचे पाणी उतारावरून अखंड वाहत असे. पेशव्यांनी कात्रजचे पाणी पुण्यात आणले तेही हौदांत पडून पुढे वाहत राहणारे. आमच्या वसईकडे विहिरीवर रहाट होता, बावखले होती. बैल थांबला की पाणी थांबले. पाणी दाबून धरून घरात आणावे आणि वाटेल तेव्हा मोकळे करावे, ही गोष्ट मुंबईसारख्या शहरांतही नळ आल्यावरची. विहार तलावाचे पाणी मुंबईस १८६० साली मिळू लागले. ज्या दिवशी दाबाखालचे पाणी भिंतीतून घरात शिरले, त्या दिवसापासून प्रत्येक घराला ते थांबविण्याचे साधन अवश्य झाले. आपण पाणी घेतले. थांबविण्याच्या साधनाकडे मात्र पाहिलेच नाही.

आता व्यवहाराकडे वळू. वाचकांपैकी अनेकांच्या गच्चीवर किंवा अंगणात अशी जुनी चावी असेलच. ती दुरुस्त होईल की बदलावी लागेल, हे ठरविण्याचा प्लंबरने सांगितलेला आणि आम्ही पुढे दोन-चार घरी पडताळलेला मार्ग असा. घरातला सर्वांत खालचा नळ उघडा ठेवून एकाने तेथे उभे राहावे, दुसऱ्याने वर चावी हळूहळू बंद करावी. धार बारीक होत होत थांबली तर चावी निरोगी आहे. धार थांबली, पण थेंब थेंब पडत राहिला, तर दरवाजाच्या बैठकीत क्षार किंवा कचरा अडकला असेल. दोन-तीनदा उघडझाप केल्याने तो पुष्कळदा वाहून जातो. चाक फिरते पण धारेत काहीच फरक पडत नाही, असे दिसले तर आप्पांच्या चावीची आठवण ठेवावी आणि दुरुस्तीच्या नादी लागू नये. चाक मुळीच हलत नसेल तर लांब पाना, सळई, हातोडा ह्यांपैकी काहीही हाती घेऊ नये. गरम पाण्यात भिजविलेले फडके काही वेळ अंगावर गुंडाळून ठेवावे, मग चाक नुसत्या हाताने किंचित पुढे, किंचित मागे असे हलवून पाहावे. कोणी घासलेट ओततात. पिण्याच्या पाण्याच्या नळावर ते आम्हांस पसंत नाही. एवढ्याने हलली तर उत्तम. न हलली तर तिचे दिवस भरले असे समजावे.

दांडीजवळून झिरपणारे पाणी हा मात्र निराळा व सोपा बिघाड आहे. ग्लँडचा नट पाव फेरा आवळला की बहुधा ते थांबते. न थांबले तर नट सोडवून जुना, लाकडासारखा झालेला दोरा काढावा आणि नवा भरावा. पूर्वी ह्यासाठी चरबी किंवा ग्रॅफाइट लावलेला सुती दोरा वापरीत, आता टेफ्लॉनचा मिळतो. काम अर्ध्या तासाचे आहे. परंतु ते पाण्याचा दाब काढून घेतल्यावर करावे, हे सांगावयास नको.

चावी बदलावयाची ठरली म्हणजे आधी शेजाऱ्यांस व भाडेकरूंस वेळ सांगावी, हंडे-कळश्या भरून ठेवाव्यात, आणि मग टाकी रिकामी करावी. जुनी चावी सोडविताना नळ एका पान्याने घट्ट धरावा व दुसऱ्याने चावी फिरवावी. नळ मोकळा सोडून नुसती चावी ओढली की तो हिसका भिंतीतल्या जुन्या सांध्याला बसतो आणि एका कामाची तीन कामे होतात. आटे तारेच्या ब्रशाने स्वच्छ करावेत. टेफ्लॉनची पट्टी आट्यांच्याच दिशेने, ताणून गुंडाळावी. उलटी गुंडाळली तर चावी चढविताना ती सुटून येते. जुने कारागीर सूत आणि सफेदा लावीत. तो सफेदा शिशाचा असे, आणि शिसे पोटात जाणे घातक आहे, म्हणून पिण्याच्या पाण्याच्या सांध्यास तो लावू देऊ नये. पितळेचे अंग फार आवळल्यास तडकते, हेही ध्यानात असावे. नव्या चावीपुढे युनियन नावाचा सांधा बसवून घ्यावा. त्याने पुढच्या वेळी नळ न कापता चावी काढता येते. वीस-पंचवीस वर्षांनी हे काम करणारा माणूस आपणांस दुवा देईल, मग तो आपला नातू का असेना.

माप विचारताना अडखळण्याचे कारण नाही. कागदोपत्री १५ किंवा २० मिलिमीटर म्हटले जाते, दुकानात सारे अर्धा इंच आणि पाऊण इंचच म्हणतात. ह्या दोन्ही मापांच्या आट्यांची संख्या एका इंचास १४ आहे, आणि त्या आट्यांचा ५५ अंशांचा कोन इंग्लंडमधील जोसेफ व्हिटवर्थ ह्याने १८४१ साली सुचविला होता. डिंडोलीच्या गच्चीवरची नवी चावी पंचवीस वर्षांच्या जुन्या नळावर न कुरकुरता चढते, त्याचे पुष्कळसे श्रेय त्या गृहस्थास आहे. चावीवर भारतीय मानकाचा शिक्का पाहून घ्यावा. अशा पितळी व गनमेटलच्या चाव्यांसाठी आयएस ७७८ हे मानक आहे. हातात घेतल्यावर वजनाने हलकी वाटणारी चावी स्वस्त का आहे ते त्या वजनातच कळते.

जुनीच जात घ्यावी की आजकालची बॉल व्हॉल्व घ्यावी, असा प्रश्न आप्पांनीही विचारला. बॉल व्हॉल्वमध्ये दरवाजाऐवजी आरपार छिद्र असलेला एक गोळा असतो. तो टेफ्लॉनच्या दोन कड्यांमध्ये बसतो आणि पाव फेऱ्यात उघडतो वा मिटतो. टेफ्लॉन हा पदार्थ १९३८ साली अमेरिकेत एका रसायनशास्त्रज्ञास दुसऱ्याच शोधात असताना अवचित हाती लागला. त्याच्या निसरडेपणामुळे ही चावी घरोघर जाऊ शकली. तिच्यात दोष नाहीत असे नाही. ती झटकन मिटते, त्यामुळे लांब नळात पाण्याचा धक्का बसून सांधे हादरतात. म्हणून ती हळू फिरवावी. अर्धवट उघडी ठेवल्यास तिची कडी झिजतात. हा दोष गेट व्हॉल्वमध्येही आहे, दोन्ही जातींना पूर्ण उघडे किंवा पूर्ण बंद राहणेच मानवते. प्लॅस्टिकची घेतली तर सुरतेच्या उन्हात गच्चीवर ती काही वर्षांत ठिसूळ होते, तेव्हा तेथे पितळेचीच बरी. ह्या साऱ्यावर मात करणारा तिचा एक गुण आम्हांस फार मोलाचा वाटतो. दांडा नळाच्या रेषेत असला तर पाणी चालू, नळास आडवा असला तर बंद. रात्री दोन वाजता, बॅटरीच्या उजेडात, घाबरलेल्या मुलीसही ते दिसते. चाकाकडे पाहून चावी उघडी की मिटलेली हे आप्पांसही कळत नव्हते. आम्ही बॉल व्हॉल्वच्या बाजूने मत दिले.

अंगणात, महानगरपालिकेचे पाणी घरात शिरते तेथे जी चावी असते तिच्याविषयी दोन शब्द निराळे सांगितले पाहिजेत. रस्त्यातील मोठ्या नळावर आपल्या घराचा फाटा जेथे निघतो त्या जोडास फेरूल म्हणतात. तेथे हात घालणे घरमालकाचे काम नव्हे, त्यासाठी पालिकेच्या माणसासच बोलवावे. फाटकाच्या आतली चावी मात्र आपली. त्या गल्लीत पाणी ठरावीक वेळेसच येते, त्यामुळे वेळ टळल्यावर नळ रिकामा होतो आणि काम करणे सोपे जाते. परंतु हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने धोक्याची आहे. नळात दाब असतो तोवर झिरपत्या सांध्यातून पाणी बाहेर पडते. नळ रिकामा होताना त्याच भोकातून बाहेरचे पाणी आत ओढले जाऊ शकते. सांध्याशेजारून गटार जात असेल तर काय आत येत असेल ते निराळे सांगावयास नको. कावीळ आणि विषमज्वर ह्यांना घरात शिरण्यास एवढी वाट पुरते. अंगणातली चावी थेंबभरच तर गळते, असे म्हणणाऱ्यांनी तो थेंब दोन्ही दिशांनी जातो हे विसरू नये. पाण्यामुळे काय होते हे सुरतेने मोठ्या प्रमाणावरही पाहिले आहे. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापी शहरात शिरली तेव्हा घरात कमरेइतके पाणी आणि पिण्यास घोटभर नाही, अशी असंख्य कुटुंबांची स्थिती झाली होती.

असो. निवाड्याचे काय झाले, ते सांगावयाचे राहिले. तो आम्हांस करावा लागलाच नाही. दांडीचा तो तुकडा आप्पांनी खिशात घातला आणि आठव्या दिवशी ते स्वतः खाली उतरले. दोन महिन्यांचे भाडे घेणार नाही, असे त्यांनी सांगितले. ती बाई म्हणाली, एका महिन्याचे पुरे. नळ तर तुम्ही मुद्दाम फोडला नाही. आप्पा म्हणाले, नळ नाही, पण चावी मी तोडली, आणि तोडून वर मिरवली. बराच वेळ घासाघीस झाली, आणि भाडे कमी करण्यासाठी मालक हट्ट धरतो व भाडेकरू नको म्हणतो, असा विचित्र सौदा आम्ही त्या जिन्यात उभे राहून ऐकला. शेवटी दीड महिन्यावर तुटले. नवी चावी, युनियन, गंजलेल्या कोपऱ्यांच्या जागी नवे कोपरे आणि प्लंबरची मजुरी असा सारा खर्च आप्पांनी केला. चावी तेवढी घेतली असती तर तिचे मोल मागावरच्या एका दिवसाच्या मजुरीहून फारसे अधिक नव्हते.

आणखी एक ठरले, ते थोरल्या मुलीच्या सूचनेवरून. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस सकाळी तिने गच्चीवर जावयाचे, दांडा आडवा करावयाचा, धाकटीने खाली नळापाशी उभे राहून “बंद!” असे ओरडावयाचे, आणि मग दांडा पुन्हा उभा करावयाचा. आजींनाही तिने वर नेऊन दांडा कोणत्या बाजूस ओढावयाचा ते दाखविले आहे. परवा एक तारखेस आम्ही योगायोगाने तेथे होतो. खालून आरोळी आली, वरच्या मजल्यावरील नळही थांबला, आणि आप्पा अर्ध्या गालास साबण लागलेल्या स्थितीत जिन्याच्या तोंडाशी आले. आमच्याकडे पाहून त्यांनी नमस्कार केला आणि गच्चीच्या दिशेने मान वर करून म्हणाले, “बाई, झालं का तुमचं?”

“थांबा आप्पा,” वरून उत्तर आले, “अजून एकदा.”